कट्ट्याखाली सौदा नाही

गुढियारीच्या घाऊक बाजारात 'पाव किलो' असं म्हणू नये. म्हटलं तर शेठ चष्म्यावरून बघतो, वजनकाट्याजवळचा पोऱ्या हसतो आणि पोती उतरवणारा हमालसुद्धा पाठीवरच्या ओझ्यासकट मान वळवतो. रायपूर स्टेशनच्या पाठीमागे, रुळांच्या पलीकडे वसलेला हा भाग. तांदूळ, पोहे, साखर, हरभरा, सगळं इथं कट्ट्यानं, म्हणजे पोत्यानं, मिळतं. पाव किलोवाल्यांसाठी शुक्रवारी बाजार आहे, तिथं जावं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी लेखा खात्यातून निवृत्त झालेला माणूस. किरकोळ आणि घाऊक भावातला फरक नजरेला पडला की मला तो सोडवत नाही.

तशात गोंदियाहून भाचा शिकायला आला. कॉलेजच्या कबड्डी संघात उजवा कोपरा सांभाळतो. छत्तीसगडात भाचा ही साधीसुधी चीज नव्हे. कौसल्या ही दक्षिण कोसलची, म्हणजे इथली माहेरवाशीण. रायपूरजवळ चंदखुरीला तिचं देऊळ आहे. त्या नात्यानं राम हा अख्ख्या छत्तीसगडाचा भाचा, आणि म्हणून इथं मामाच भाच्याच्या पाया पडतो. आमच्यात भाचा मामाच्या पाया पडतो आणि वाकलेला असतानाच पैसे मागतो. समोरच्या घरातल्या दाईनं, म्हणजे म्हातारीनं, त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लगबगीनं येऊन त्या लंबूटांग पोराचे पाय धरले आणि मला बजावलं, "भांचा ल भूखे झन राखहू." भाच्याला उपाशी ठेवू नका. पोरगं आमच्या सोफ्यावर चौथी पोळी खात होतं.

पण भुकेचा विषय निघाला तो त्यानंच काढला. एक दिवस म्हणाला, "मामा, मला डबा हवाय." मला वाटलं जेवणाचा. तो प्रोटीन पावडरीचा निघाला, किंमत चार आकडी. जिममधल्या कुणा भैयानं सांगितलं होतं की कसरत संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत प्रथिनं पोटात गेली नाहीत तर सगळी मेहनत वाया. मी म्हटलं, थांब, मी बघतो. 'मी बघतो' हे शब्द ऐकले की आमची ही देवाजवळ दिवा लावते. तिनं लावला.

मी खरंच बघितलं. निवृत्तीनंतर माणसाला वाचायला वेळ असतो आणि थांबवायला वरचा साहेब नसतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं म्हणणं असं की साध्या माणसाला दिवसाला शरीराच्या वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. त्याच संस्थेनं २०२४ च्या आपल्या आहारसूचनांमध्ये शरीर कमावण्यासाठी पावडरी खाऊ नका असंही लिहिलं आहे. ते पान मी भाच्याला दोनदा वाचून दाखवलं. खेळाडूला मात्र जास्त लागतं, क्रीडापोषणातले जाणकार १.४ ते २ ग्रॅम सांगतात. कसरतीनंतरच्या एका खाण्यात साधारण २० ग्रॅम प्रथिनं असावीत, बाकीची दिवसभरात दर तीन-चार तासांनी विभागून घ्यावीत. हे शेवटचं वाक्य मी वाचलं होतं. त्याच्याखाली पेन्सिलनं रेघही मारली होती. पुढे जे घडलं ते रेघ मारूनही घडलं, एवढंच.

या वाचनात मला १९६६ सालचे दोन स्वीडिश डॉक्टर भेटले, योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हल्टमन. दोघं एकाच व्यायामाच्या सायकलीच्या दोन बाजूंना बसले. एकानं डावा पाय चालवायचा, दुसऱ्यानं उजवा, पार थकेपर्यंत. उरलेला एकेक पाय आरामात. मग मांडीत सुई घालून स्नायूचे तुकडे काढले आणि पुढचे काही दिवस पिष्टमय पदार्थ भरपूर खात पुन्हा पुन्हा तुकडे काढत राहिले. दमलेल्या पायात ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंनी साठवलेली साखर, इतकी भरली की आरामातल्या पायाच्या दुप्पट झाली. आरामातला पाय होता तिथंच. दोन प्रौढ, पदवीधर माणसं एका सायकलीवर बसून स्वतःच्या मांडीत सुया खुपसतात, हे मी हिला मोठ्या उत्साहानं सांगितलं. म्हटलं, विज्ञानासाठी माणूस काय काय करतो! ती म्हणाली, "त्यांच्या बायकांना विचारलं होतं का?"

खरं म्हणजे त्या प्रयोगाचा सरळ अर्थ असा की दमलेल्या स्नायूला भात हवा. मी मात्र त्यातून एवढंच घेतलं की मोजमाप केलं पाहिजे. एक जाड वही आणली. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च, वर 'खुराक' असं लाल शाईनं. आणि पहिल्याच पानावर भाताला बंदी घातली. भात म्हणजे नुसतं पिष्ट, असं माझं म्हणणं. ज्या राज्याला सगळा देश धानाचा कटोरा म्हणतो, त्याच्या राजधानीत उभं राहून मी भातबंदी जाहीर केली. भाच्यानं मान डोलावली. तो सोशिक आहे. आईवर गेला आहे.

सुरुवातीला मी अर्ध्या तासावर भर दिला. मैदान शहरात, रुळांच्या पलीकडे, आम्ही अलीकडे, मधे अंडरब्रिज. सराव संपताक्षणी मैदानावर प्रथिनं हजर करायची अशी योजना. उकडलेली अंडी, फुटाणे आणि मीठ-साखर-लिंबाचं पाणी असा माल घेऊन मी स्कूटरवर निघत असे. उन्हाळ्यात जमलं. पावसाळ्यात अंडरब्रिजखाली पाणी साचलं आणि मी ट्रक, रिक्षा आणि एका निवांत म्हशीच्या मधोमध अडकलो. घड्याळात सात वाजायला आलेले. सराव सातला संपायचा. सातला संपला की साडेसातला स्नायूंचं दार बंद! मी भाच्याला फोन लावला. म्हटलं, "थांबू नका. मी पोचेपर्यंत खेळत राहा. सराव संपला नाही तर अर्धा तास सुरूच होत नाही."

लेखा खात्यात याला मुदतवाढ म्हणतात आणि ती बिनचूक चालते. मी पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. अख्खा संघ मैदानाला फेऱ्या मारत होता. भाच्यानं माझा निरोप इतक्या गंभीरपणे सांगितला होता की मामा कुणीतरी तज्ज्ञ असावेत असा सगळ्यांचा समज झाला. दोघं गोलपोस्टला टेकून ओकारीची वाट बघत होते. अंडी त्या दिवशी कुणी खाल्ली नाहीत. म्हैस मात्र माझ्या आधी पलीकडे पोचली होती.

(हे अर्ध्या तासाचं प्रकरणही तितकंसं खरं नाही. २०१३ साली ब्रॅड शोनफेल्ड, अ‍ॅलन अ‍ॅरागॉन वगैरे मंडळींनी आधीचे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा नेमक्या वेळेपेक्षा दिवसभराची एकूण प्रथिनं महत्त्वाची ठरली. एकाच दिवशी दोन सामने असतील तर घाई खरी असते, पण ती भाताची: पहिले काही तास, तासाला किलोमागे एक ग्रॅमभर पिष्ट पोटात गेलं तर स्नायू लवकर भरतात. मी ज्याच्यासाठी धावत होतो त्याला घाई नव्हती, आणि ज्याला घाई होती त्याच्यावर मी बंदी घातली होती.)

आता मैदानावर न्यायचं बंद. संघालाच घरी बोलवायचं ठरवलं. सात खेळाडू, पाच राखीव, एकूण बारा. त्यातली बहुतेक मुलं महासमुंद, धमतरी, बलौदाबाजारकडच्या खेड्यातली, इथं खोली करून राहणारी. बारा जणांना रोज अंडी परवडेनात. मग मी डाळींच्या तक्त्यात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रथिनवाली ओळ शोधली. बोट थांबलं ते लाखोळीवर. इथं तिला तिवरा म्हणतात. धान कापायच्या आधी ओल्या बांधीत उतेरा म्हणून पेरतात. आमच्या भंडारा-गोंदियाकडे तिची डाळ खाऊन पिढ्या वाढल्या. शंभर ग्रॅममागे पंचवीसच्या वर प्रथिनं, भाव मातीमोल. मी विजयी मुद्रेनं हिला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, महिनोन्महिने तीच खाल्ली तर पाय लुळे पडतात. सरकारनं विक्रीवर बंदी घातली होती." बघितलं, तर १९६१ साली घातली होती. कबड्डीच्या संघाला पाय लागतात, हे मान्य करून मी पुढच्या ओळीवर गेलो. सोयाबीन वडी. शंभर ग्रॅममागे ५२ ग्रॅम!

त्या रात्री मला खाशाबा जाधवांची आठवण झाली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. कॉलेजच्या मुलासाठी एक माणूस घर गहाण टाकतो. मला फक्त एक कट्टा घ्यायचा होता. डोळे भरून आले. सकाळी मी बाजारात गेलो आणि शेठला पाच किलो सोया वडी मागितली.

"बाबूजी, कट्टे से कम नहीं."

वीस किलोचा कट्टा. घाऊक भाव ऐकला आणि माझ्या तोंडून 'दे दो' निघून गेलं. वीस किलो म्हणजे किती, हे मी तांदळावरून धरलं होतं. स्कूटरच्या पायाजवळ मावेल इतकं. पण वडी पोकळ असते. वीस किलो वडीनं वीस किलो तांदळाच्या तिप्पट जागा व्यापली. हमालानं जो कट्टा बाहेर आणला त्याच्यामागे हमाल दिसत नव्हता. ठेला करावा लागला. ठेल्याचे पैसे धरले तर भाव जवळजवळ किरकोळीइतकाच पडला, ही नोंद वहीत आहे, पण बारीक अक्षरात. फाटकातून तो आडवा जाईना, उभा जाईना. शेवटी दाईच्या नातवानं वरून गच्चीमार्गे घेतला. दाईनं विचारलं, गादी आणली का?

हिशेब मी स्वतः केला आणि आजही त्यात गणिताची चूक दाखवा असं माझं आव्हान आहे. सरासरी वजन ६५ किलो. किलोमागे १.६ ग्रॅम. माणशी १०४ ग्रॅम प्रथिनं. बारा जणांची १,२४८. वडीत ५२ टक्के. म्हणजे वडी हवी बरोबर २ किलो ४०० ग्रॅम. बाकी शून्य. असं शून्य बाकीचं उदाहरण नोकरीत क्वचित भेटतं. आकडा दिवसभराचा होता आणि जेवण एकदाचं, हा तपशील त्या शून्याच्या तेजात दिसला नाही.

वडी दुपारी भिजत घातली. पहिल्यांदा पातेल्यात. ती फुगू लागली तशी मोठ्या पातेल्यात. मग पिठाच्या डब्याचं झाकण, मग कुकर, मग हिची पुरणाची पितळी परात, आणि पाच वाजता मी न्हाणीघरातली बादली घासत होतो. स्वयंपाकघरात पाय ठेवावा तिथं वडी. ही माहेरी फोनवर बोलत होती आणि मधेमधे "नाही, अजून वाढतायत" असं सांगत होती. भिजवलेलं पाणी फेकून द्यावं, वडी दोन-तीनदा धुऊन घट्ट पिळावी, असं पाकिटावर लिहिलेलं असतं. कट्ट्यावर लिहिलेलं नसतं. पाण्यात उतरलेली प्रथिनं वाया कशी घालवायची, म्हणून मी ते सगळं पाणी रश्शात घातलं. वर सावजी मसाला. नागपूरचा अभिमान कुठेतरी दाखवायलाच हवा.

मुलं जेवली. गरीब घरची मुलं ताटात टाकत नाहीत, हे माझ्या हिशेबात धरलेलं नव्हतं. भात नाही म्हटल्यावर जरा एकमेकांकडे बघितलं, आणि मग "मामाजी" म्हणत माझा मान राखून, घाम पुसत, ज्यानं त्यानं आपल्या वाट्याची प्रथिनं संपवली. राखीवातला एक सडपातळ मुलगा तिसऱ्या वाढीला म्हणाला, "मामाजी, और भी है?" होतं. बादलीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या संघाशी सरावाचा सामना. कबड्डीत चढाई करणाऱ्यानं एका श्वासात कबड्डी कबड्डी म्हणत तीस सेकंदांत परत यायचं असतं. त्या सकाळी आमच्या मुलांना दमाखेरीज आणखीही एक गोष्ट रोखून धरायची होती, आणि दोन्ही एकदम रोखणं मानवी शरीराला जमत नाही. सोयाबीनमध्ये रॅफिनोज आणि स्टॅकियोज नावाच्या साखरा असतात. त्या लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या हाती लागतात आणि ते त्यांचा वायू करतात. भिजवणीच्या पाण्याबरोबर यातल्या बऱ्याच निघून जातात. माझ्या रश्शात त्या एकूणएक हजर होत्या. पहिल्या चढाईत भाच्याचा दम 'कब्' वर सुटला. दुसऱ्या चढाईला गेलेल्याला समोरच्यांनी कमरेला विळखा घालून पकडलं आणि लगेच सोडलं, स्वखुशीनं. पंचांनी गुण कुणाला द्यायचा याचा विचार थोडं लांब जाऊन केला. आमच्यावर लोणावर लोण चढत गेले. मध्यंतरात मैदानालगतच्या शौचालयासमोर जी रांग होती ती जर्सीच्या क्रमांकानुसार लागली होती म्हणतात. भाचा शिस्तीचा.

संध्याकाळी त्यांचे सर घरी आले. मी बोलणी खायच्या तयारीनं बसलो होतो. पण ते शांत गृहस्थ. चहा घेतला, वही मागितली, पानं उलटली, हिशेबाचं अक्षर छान आहे म्हणाले. मग त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याच तक्त्यात नव्हतं. ही मुलं पहाटे पाचला खोलीतून निघतात. पोटात काही नसतं. सराव सात-साडेसातला संपतो. आठला वर्ग. खानावळीची खिडकी साडेअकराला उघडते. संध्याकाळी उलट: सराव लांबला की खिडकी बंद. काय खावं ते यांना कळतं, सर म्हणाले, त्या वेळेला हातात काही नसतं. दोन केळी, मूठभर फुटाणे, जमलं तर दोन अंडी आणि मिठाचं पाणी, एवढं साडेसातला मैदानाच्या कडेला मिळालं तरी पुष्कळ. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, फुटाण्याच्या पन्नास ग्रॅममध्ये दहाएक; बावीस झालीच की, मी मनातल्या मनात बेरीज केली. म्हणजे उन्हाळ्यात मी जे स्कूटरवर नेत होतो तेच. पावसाचं निमित्त करून मी ते बंद केलं होतं.

"आणि भात बंद करू नका," सर जाताना म्हणाले. "तसा तो बंद नाहीच म्हणा."

नव्हताच. भाचा रोज सरावाहून येताना आधी समोर दाईकडे शिरत असे. दाई त्याला बासी वाढायची: रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, त्यात मीठ, सोबत कांदा, मिरचीची चटणी, कधी लाल भाजी. भाच्याला दाराबाहेर उभं ठेवणं तिला पाप वाटायचं. २०२२ च्या कामगारदिनी तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी सगळ्यांनी बोरे-बासी खावी असं आवाहन केलं, तेव्हा मी वर्तमानपत्र दुमडून हसलो होतो. आता पाहिलं तर घाम गाळून आलेल्या पोराला पाणी, मीठ आणि पिष्ट एकाच वाडग्यात मिळत होतं. प्रथिनं त्यात फारशी नाहीत, हा मुद्दा मी दाईसमोर मांडला. तिनं शांतपणे वरून मूठभर उकडलेले चणे टाकले आणि वाडगा माझ्यापुढे केला. तांदळात लायसीन कमी आणि कडधान्यात मेथिओनिन कमी, दोन्ही एकत्र आली की एकमेकांची उणीव भरून निघते, हे मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "खा."

राहिला कट्टा. सतरा किलोच्या वर वडी गच्चीवर होती आणि पावसाळी हवेत मऊ पडायला लागली होती. आमच्याकडे महिन्याभरात वडीचे कटलेट, वडीचा खिमा, वडीचं पिठलं झालं. मग हिनं जाहीर केलं की पुढची वडी घरात शिजली तर ती गोंदियाला जाईल. अशा वेळी एका दुसऱ्या कॉलेजचे क्रीडाशिक्षक दारात आले. गुढियारीत कुणी मामाजी खेळाडूंना फुकट प्रथिनं देतात, असं त्यांच्या कानावर गेलं होतं. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि कट्टा दाखवला. तेच ते कॉलेज ज्याच्याशी आमच्या मुलांचा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत सामना व्हायचा होता. मी काहीही बोललो नाही. रश्शाची कृती त्यांनी विचारली नाही आणि मी सांगितली नाही. जीप बोलावून त्यांनी कट्टा नेला. गच्ची मोकळी झाली. त्या रात्री मला झोप लागली ती फार गाढ आणि, खरं सांगायचं तर, थोडी दुष्ट होती.

त्यांच्या वसतिगृहात एक आचारी होता. त्यानं वडी उकळली, पाणी फेकलं, पिळली, आणि माणशी चाळीस ग्रॅमचा हिशेब धरून रोज भातात घातली. चाळीस ग्रॅम वडीत वीस ग्रॅम प्रथिनं होतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं; त्याच्या हातात तेवढीच मावत होती. उपांत्य फेरीत त्यांच्या संघानं आमच्या मुलांना धूळ चारली. दोन सामन्यांच्या मधे ती मुलं झाडाखाली भात आणि केळी खात बसली होती, हे भाच्यानं स्वतः पाहिलं. घरी येऊन गुडघ्याला बर्फ लावत म्हणाला, "मामा, त्यांची ती वडी आपलीच होती का हो?"

पुढच्या आठवड्यात ते शिक्षक पेढे घेऊन आले. असाच आणखी एक कट्टा त्याच भावात हवा होता. मी त्यांना शेठकडे घेऊन गेलो. सौदा झाला, ठेला भरला, आणि शेठनं रिवाजाप्रमाणे दलालीचे पन्नास रुपये माझ्या हातावर ठेवले. खुराकाच्या वहीत जमेच्या बाजूला तेवढी एकच रक्कम आहे. भाच्याला हे सांगितलेलं नाही. तो मराठी मासिकं वाचत नाही, यावरून पूर्वी मी त्याला फार बोलत असे.